वस्तारा उचलल्यावर चौथा चौकोन

मला एक खोड आहे. कसलीही गोष्ट सांगताना शेवटचं वाक्य तोंडाशी आलं की मी थांबते. बारामतीजवळ जळोचीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. तिथं भुवया करताना मी बायकांना काही ना काही सांगत असते आणि ऐन मजेच्या जागी गप्प बसते. बाई बिचारी डोळे मिटून वाट बघत पडलेली. दोरा भुवईवरून बाजूला घेतला की मगच पुढचं. पण घरातही तेच करते, त्यानं नवरा वैतागतो. "अगं बोल की पुढं! का आता नारळ फोडू?" म्हणतो. त्याचंही खरंच आहे, त्याच्या भुवया काही मी करत नसते.

ही खोड मला अण्णांनी लावली. अण्णा म्हणजे माझे वडील. इंदापुरात स्टँडपासून पाच मिनिटांवर त्यांचं सलून होतं, मागं आमचं घर. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, भिंतीला एक लांब बाकडं. सगळा जन्म त्यांनी तिथं उभ्यानं काढला. दुकान बंद करून दोनच वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. आई "काय झालं, काय झालं" विचारतीय आणि हे नुसते खाली सांडलेल्या चहाकडं बघतायत. बारामतीच्या दवाखान्यात आणेपर्यंत उजवी बाजू लुळी पडली होती. जीव वाचला. पुढं पायही थोडा हलायला लागला. वाचा मात्र बसली ती बसलीच.

मी दोघांना जळोचीला माझ्याकडंच आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शब्द यायचे असतील तर या पहिल्या काही महिन्यांतच यायची शक्यता जास्त. मागं लागा." मी कॅलेंडर बघत बसायची. एक महिना गेला, दुसरा गेला. अण्णांचं आपलं "हं" आणि राग आला की घशातून एक आवाज, एवढंच. अहो, हा माणूस म्हणजे बाजारपेठेतली चालती-बोलती चावडी! कुणाच्या उसाला तोड आली, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले, सगळं त्यांच्या खुर्चीवरून पुढं जायचं. त्यांचा हात चालला नाही तर मी जन्मभर भरवलं असतं. पण मुके अण्णा मला सोसणार नव्हते, हे मी उघड सांगते.

बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. वयानं अगदी कोवळ्या, पण चिकाटीच्या. चित्रांचे पत्ते दाखवायच्या. "आजोबा, हे काय? आं…? आंबा." अण्णांनी एकदा डाव्या हातानं आंब्याचा पत्ता जो भिरकावला तो माझ्या वॅक्सच्या डब्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम हसल्या. "रागावले ते बरंच झालं. ताई, त्यांच्या पाठातलं काहीतरी काढा. आकडे, वार, आरती, कामाच्या वेळी रोज तोंडात असलेलं काही. शोधून सापडत नाही तो शब्द कधीकधी सवयीनं आपोआप येतो."

आकडे झाले, वार झाले. आरतीला त्यांनी चाल धरली, पण शब्द आला नाही. तेव्हा मला चौकीदार आठवला.

चौकीदार म्हणजे आमच्या लहानपणी रोजच्या पेपरात, शेवटून दुसऱ्या पानावर यायची ती चित्रपट्टी. तिचं छापलेलं नाव वेगळं होतं, पण आमच्या दुकानात ती चौकीदारच. एक जाडा पहारेकरी, नाकाखाली माशी बसल्याएवढी मिशी, डोक्याला दोन नंबर मोठी टोपी. तो एका मोठ्या लोखंडी गेटसमोर स्टुलावर बसलेला. गेटच्या खांबावर एक कावळा. रोज चार चौकोन, आणि चारांत दोघांची एक तक्रार. गेटच्या आत काय आहे ते चित्रकारानं कधीच दाखवलं नाही. मी मनाशी पक्कं धरून होते की आत साखर कारखाना आहे. कारण सोमेश्वरनगरला मामाकडं गेले होते तेव्हा असल्याच गेटवर असल्याच जाड्यानं आम्हाला अडवलं होतं.

दुकानात पेपरला दोन जन्म असायचे. आज तो वाचायचा, उद्या त्याचे तुकडे करून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ठेवायचे आणि वस्ताऱ्यावरचा साबणाचा फेस त्याला पुसायचा. मोठमोठ्या पुढाऱ्यांचे फोटो फेसाखाली जायचे, कुणी हळहळायचं नाही. चौकीदार मात्र अण्णा आधी कापून ठेवायचे. केस कापायच्या कात्रीनं, कडा एकदम सरळ. घरी आई खळ करून द्यायची आणि मी ते शंभरपानी वहीत चिकटवायची.

वाचायचं काम माझं होतं. मी दुसरीत असल्यापासून शाळा भरेपर्यंत दुकानाच्या उंबऱ्याशी बसायची. दाढी चालू असताना गिऱ्हाइकाला पेपर धरता येत नाही आणि अण्णांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मी मोठ्यानं वाचायची. आईला ते पटायचं नाही. "पोरीच्या जातीनं गड्यांच्या दुकानात बसायचं का?" अण्णा म्हणायचे, "वाचतीया ती. हजामत करत न्हाय." वस्ताऱ्याला मात्र त्यांनी मला कधी बोट लावू दिलं नाही.

पहिल्या आठवड्यातच घोटाळा झाला. खुर्चीत कारखान्याच्या ट्रकवरचे एक ड्रायव्हर होते, गळ्यापर्यंत फेस. मी वाचायला घेतलं. पहिल्या चौकोनात चौकीदार छाती फुगवून म्हणतो, "माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही!" दुसऱ्यात तो खाली वाकून मुंगीमागं चाललाय. तिसऱ्यात त्याच्या पाठीमागून चोर त्याचं स्टूल, त्याची छत्री आणि त्याची अख्खी चौकी उचलून नेतायत. चौथ्यात कावळा म्हणतो, "मुंगी तेवढी सापडली हं!"

मी सगळं एका दमात वाचलं. ड्रायव्हर फिस्सकन हसले आणि हनुवटीखाली लाल रेघ उमटली. पांढऱ्या फेसात ते लाल बघून मला रडूच फुटलं. अण्णांनी तुरटी लावली, हात जोडले, त्यांची दाढी पुरी केली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. ते वस्तारा पुसत म्हणाले, "हे बघ बाई. तीन चौकोन वाचायचं. चौथ्याला गप ऱ्हायचं. मी वस्तारा उचलला की सांगीन. मग टाकायचा चौथा."

त्या दिवसापासून तोच कायदा. मी तीन वाचायची आणि थांबायची. दुकान चिडीचूप. अण्णा गालावरून शेवटचा हात फिरवायचे, वस्तारा वर घ्यायचे आणि म्हणायचे, "उचलला!" मग मी चौथा सोडायची आणि बाकडं खदखदायचं. अण्णांचा हात जरा लांबला की बाकड्यावरून ओरडा व्हायचा, "उचला वो अण्णा, जीव चाललाय हितं!" कुणी आधीच पेपर बघून चौथा फोडला तर त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. एकदा एका मोठ्या बागायतदाराचाही नंबर अण्णांनी मागं टाकला होता. आणि तो गुमान बसला.

अण्णा स्वतः दुकानात कधी हसायचे नाहीत. हसलं की हात हलतो, आणि लगेच पुढचं गिऱ्हाईक बसलेलं. चौथा ऐकला की ते नुसतं ओठ दाबून वस्तारा पट्ट्यावर घासायचे. हसायचे रात्री जेवताना. भाकरीचा तुकडा हातात आणि मधेच एकटेच खुदूखुदू. आई म्हणायची, "आलं वाटतं सकाळचं वर!"

मी चौथी-पाचवीत असताना समोर एक नवं सलून झालं. पुण्यात काम शिकून आलेला एक तरणा माणूस, आम्ही त्याला समोरचा दादा म्हणायचो. त्याच्याकडं गोल फिरणारी खुर्ची होती, वासाचं पाणी होतं आणि रंगीत टीव्ही होता. अण्णांनी त्याच्या उद्घाटनाला नारळ नेला, परत आले आणि आमचे आरसे दोनदा पुसले.

आणि मग पेपरातच बातमी आली की आपला चौकीदार टीव्हीवर येणार. हलणार, बोलणार, दर रविवारी सकाळी! घरातलं पोरगं फौजदार झाल्यासारखा आनंद झाला आम्हाला. अण्णांनी ती बातमीसुद्धा कापून वहीत लावायला दिली. रविवारी चौकीदार रंगीत दिसणार म्हटल्यावर लोक कुठं जाणार, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

रविवार म्हणजे सलूनचा खरा दिवस. त्या रविवारी आमच्या बाकड्यावर एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं. समोर दारातून माणसं बाहेर लोंबत होती. अण्णा आधीच धार असलेल्या वस्ताऱ्याला धार लावत होते. म्हणाले, "जा की. बघून ये."

"न्हाय बघायचं मला," मी ठसक्यात सांगितलं. पाचव्या मिनिटाला मी रस्त्याच्या पलीकडं, कुणाच्या तरी काखेतून टीव्हीकडं बघत होते.

खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. चौकीदार चालत होता! टोपी खरंच दोन नंबर मोठी होती, चालताना डोळ्यावर यायची. कावळा उडाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पेपरात तो कधी उडताना दिसलाच नव्हता. फक्त आवाज पटला नाही. मी चौकीदाराला आमच्या स्टँडवरच्या कंट्रोलरचा आवाज द्यायची, कावळ्याला आमच्या आत्याचा. टीव्हीतला चौकीदार दिल्लीच्या साहेबासारखं हिंदी बोलायचा. तरी मी परत आले ती नाचतच. दारात आले आणि अण्णांना एकट्याला खुर्चीशी उभं बघून माझं नाचणं थांबलं. ते म्हणाले, "मग? कसा हाय आपला गडी?"

तिसऱ्या रविवारी टीव्हीवाल्यांनी गेट उघडलं. आत काय, तर एक बाग आणि कारंजं! कारखाना नाही, काही नाही. मी रडत घरी आले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "ते त्यांचं गेट," म्हणाले. "आपल्या वहीतलं हाय की अजून बंद."

त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. डाळजचे एक तात्या होते, आमचं जुनं गिऱ्हाईक. मिशी अशी की वर लिंबू ठेवावं तर ठरावं. महिन्यातून एकदा ते खास मिशी कोरून घ्यायला इंदापूरला यायचे. त्या दिवशी टीव्हीच्या नादानं तेही समोर गेले. बरोबर मिशीची कड धरायच्या वेळेला टीव्हीतला कावळा चौकीदाराच्या टोपीत जाऊन बसला. तात्या हसले. समोरच्या दादाचाही डोळा टीव्हीकडं. टीव्ही कुणासाठी थांबतो होय!

तात्या रस्ता ओलांडून आमच्याकडं आले ते गळ्यात टॉवेल तसाच. डाव्या बाजूला मिशी, उजव्या बाजूला नाकपुडीपासून पुढं सपाट. त्यांच्यामागं पांढराफटक पडलेला समोरचा दादा, आणि त्याच्यामागं अर्धा बाजार.

"अण्णा, वाटोळं झालं!" तात्या खुर्चीत कोसळले. "माझा बाप जित्ता हाय वो! घरी खाटंवर बसून वाट बघतुया. ही सपाट करून गेलो तर म्हातारा काय समजंल? बाप असताना कुणी मिशी काढतं का? मला बघूनच त्यो जायाचा!"

कुणी हसलं नाही. आमच्याकडं बाप गेल्यावर मिशी उतरवतात. बाप हयात असताना मिशी काढून त्याच्यापुढं उभं राहायचं म्हणजे त्याच्या मरणाची आगाऊ वर्दी. समोरचा दादा म्हणाला, "अण्णा, माझं चुकलं. काय करू?"

अण्णा बराच वेळ तात्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं हात केला. "वही आण." मी धावत वही आणली. त्यांनी एक पान उघडलं, आरशाला टेकवून ठेवलं आणि कात्री घेतली. कात्री झाली, मग वस्तारा. अण्णांचा हात इतका हळू चाललेला मी आधी पाहिला नव्हता. सगळी बाजारपेठ श्वास धरून उभी. शेवटी त्यांनी वस्तारा वर घेतला आणि सवयीनं म्हणाले, "उचलला."

तात्यांनी आरशात बघितलं. नाकाखाली दोन बोटं रुंदीची, माशी बसल्याएवढी नीटनेटकी मिशी. वहीतल्या चौकीदाराची, हुबेहूब. मिशी होती! छोटी का असेना, होती. तात्यांनी तिच्यावरून बोट फिरवून बघितलं. मग उठले, टाचा जुळवल्या आणि आरशाला खाड्कन सलाम ठोकला. लोक जे हसले, जे हसले! समोरचा दादा तेवढा भिंतीला टेकून रडत होता.

दुपारी तो आमच्याकडं आला. "अण्णा, त्या टीव्हीला कसं थांबवायचं?" अण्णा म्हणाले, "टीव्हीला न्हाय थांबवता येत बाबा. वस्तारा थांबव की." मग दोघांनी ठरवलं ते असं. रविवारी चौकीदार लागला की दोन्ही दुकानांतले वस्तारे बंद. अर्धा तास कुणाची दाढी नाही. अण्णा आमच्या दाराला नुसती कडी लावून समोर जायचे आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर मांडीत हात ठेवून बसायचे. हात रिकामे असले की त्यांना हसायला येतं हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. अख्ख्या दुकानात सगळ्यात मोठं हसायचे ते. चौकीदार संपला की अर्धे लोक आमच्याकडं यायचे, कारण वस्ताऱ्याखाली बसून चौथ्या चौकोनाची वाट बघायची मजा समोर नव्हती. पुढच्या रविवारी तर तात्या आपल्या म्हाताऱ्या बापालाच घेऊन आले. म्हातारा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "कुठाय ती पोरगी? व्हय गं, तूच का? वाच बघू. ज्याच्यापायी माझ्या पोराची मिशी गेली त्यो मानूस तरी कळू दे."

पुढं टीव्हीवरचा चौकीदार संपला. काही वर्षांनी पेपरातलाही संपला. तिथं एक दिवस कुणाच्या तरी फवारणीच्या औषधाची जाहिरात आली. मी तोवर कॉलेजात होते. अण्णांनी त्या दिवशी पेपर नुसता घडी घालून ठेवला, असं आईनं सांगितलं.

तर हा चौकीदार. माझ्या लेकीनं मोबाईलवर शोधून जुना भाग काढला, तोच कारंज्याचा. मी मोठ्या आशेनं अण्णांपुढं धरला. दोन मिनिटं त्यांनी बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मी पुन्हा पुढं धरला, त्यांनी पुन्हा फिरवलं. तिसरा महिना लागला होता, माझा धीर संपला होता. मी ओरडले. "मग पाहिजे तरी काय तुम्हाला? किती करायचं मी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या आजारी बापावर ओरडणारी मी, त्या वेळी मला माझीच शिसारी आली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आई तिथं मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोबाईल काय दाखवतीस त्यास्नी. कामावर असताना त्यांनी कधी चित्र बघितलंय व्हय? त्यांनी तुला ऐकलंय. वह्या आण जा. ट्रंकेत हायत."

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरला गेले. बंद घरातल्या ट्रंकेतून आठ वह्या निघाल्या. पानं पिवळी पडलेली, साबणाचा वास अजून येत होता, आणि खळीत कुणाकुणाचे बारीक केस कायमचे चिकटून बसलेले. वह्या घेऊन निघाले तर समोरच्या दारात समोरचा दादा. आता त्याचेच केस पांढरे झालेत, दुकान मुलगा बघतो. म्हणाला, "अण्णांची दाढी कोण करतंय गं?"

"आमचे हे मशीन फिरवतात," मी म्हटलं.

"मशीन!" त्यानं तोंड असं केलं जसं मी अण्णांना शिळं खायला घालतेय. "सोमवारी दुकान बंद असतंय. येतो मी."

आणि तो खरंच आला, पेटी घेऊन. आम्ही अण्णांना धरून पार्लरमधल्या माझ्या खुर्चीत बसवलं, आरशासमोर. दादानं पांढरं कापड गळ्याला बांधलं, ब्रश पाण्यात बुडवला, फेस केला. साबणाचा वास आला आणि अण्णा जरा ताठ बसले. मी बाजूला स्टुलावर वही उघडून बसले. आई गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात उभी. मॅडमही त्या दिवशी आल्या होत्या, त्या कोपऱ्यात गुपचूप बसल्या.

दादानं वस्तारा गालावर टेकवला. मी माझा स्टँडवरच्या कंट्रोलरचा आवाज काढला आणि वाचायला लागले. पहिल्या चौकोनात चौकीदार झोपलाय, कावळा ओरडतो, "साहेब आले!" दुसऱ्यात चौकीदार दचकून उठतो आणि डोळे मिटलेलेच ठेवून सलाम ठोकतो. तिसऱ्यात साहेब कुठंच नाही, सूर्य मावळायला आलाय आणि हा अजून हात वर करून उभाच.

मी थांबले.

दादानं गालावरून शेवटचा हात फिरवला आणि वस्तारा वर घेतला. माझ्याकडं बघितलं. मी वाचेना. त्यानं भुवया उडवल्या, म्हणजे वाच की आता. पण मी वाचणार कशी? कुणी म्हणालंच नव्हतं. मुद्दाम नाही हो, शपथ घेऊन सांगते. चाळीस वर्षांची खोड, तो शब्द ऐकल्याशिवाय चौथा माझ्या तोंडातून निघतच नव्हता. खोलीत चिडीचूप. बाहेर रस्त्यानं उसाची ट्रॉली खडखडत गेली. दादा वस्तारा हवेत धरून उभा, मी वहीवर बोट ठेवून बसलेली.

आरशात अण्णांचे डोळे वर गेले, वस्ताऱ्याकडं. मग माझ्याकडं आले. फेसातून ओठ हलले.

"उ…" म्हणाले. परत एकदा, "उच…" आणि मग कुणीतरी मागून ढकलल्यासारखं, "उचलला!"

आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. मॅडमनी तोंडावर हात घेतला. माझं तर सगळं धूसर झालं, वहीतलं अक्षरच दिसेना. मी रडत होते, हसत होते, नाक पुसत होते, आणि दादाही बाहीनं डोळे टिपत होता, वस्तारा मात्र तसाच उंच धरून. मग खुर्चीतून पुन्हा आवाज आला, चांगला रागावलेला. बाकड्यावरची माणसं खोळंबली की अण्णा मला दम द्यायचे, अगदी त्याच सुरात.

"वाच!"

मी डोळे पुसले आणि आत्याचा आवाज काढला. "चौथ्यात," मी म्हटलं, "कावळा चौकीदाराच्या वर केलेल्या हातावर जाऊन बसलाय आणि दुसऱ्या कावळ्यांना हाका मारतोय, 'या रे या, नवी फांदी फुटली!'"

अण्णांनी आधी हात वर धरलेल्या दादाकडं बघितलं. मग ओठ दाबले, सवयीनं. मग बहुतेक त्यांच्या लक्षात आलं की आज आपल्या हातात वस्तारा नाही. आणि ते फेसासकट, अर्ध्या वाकड्या तोंडानं, मोठ्यानं हसले.